अंतरपाट खाली आला, फोकस कुठे होता?

मे महिना, चामोर्शी तालुका, दुपारचा मुहूर्त. मांडवाच्या सावलीतही पारा चाळिशीच्या पुढे. फोटोवाल्याच्या गळ्यात नवा कोरा कॅमेरा. त्याच्या माहितीपुस्तिकेत, शेवटी, बारीक टायपात एक ओळ असते: वापराचं तापमान ४० अंश सेल्सिअसपर्यंत.

ही ओळ किती जण वाचतात?

मेगापिक्सेल सगळ्यांना पाठ. चौकटी सेकंदाला किती, तेही पाठ. आपल्याकडचं लग्न कोणत्या महिन्यात आणि किती उन्हात लागतं हे ठाऊक असूनही तो आकडा कुणी पाहत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत मे महिना पंचेचाळिशीला सहज टेकतो. म्हणजे ऐन कमाईच्या दिवसांत यंत्र त्याच्या कंपनीनेच आखलेल्या रेषेबाहेर चालतं.

तरी प्रश्न ठरलेला. ‘भाऊ, हा कॅमेरा लग्नाला चालते, पण नदीला चालते का?’

नदी म्हणजे वैनगंगा. मार्कंड्याला ती उत्तरवाहिनी होते, काठावर मार्कंडेश्वराचा मंदिरसमूह उभा आहे, आणि या भागातल्या प्रत्येक फोटोवाल्याला तिथला एक मोठा फोटो आपल्या दुकानात लावायचा असतो. इच्छा रास्त आहे. बारा महिने हारतुरे आणि आहेराची पाकिटं टिपणाऱ्या माणसाला वर्षातून चार पहाटा स्वतःसाठी हव्यात. त्यात गैर काय?

गैर एवढंच, की दोन्ही कामांचा हिशेब तो एकाच पावतीवर मांडतो.

निकॉनचा झेड सिक्स थ्री घ्या. जून २०२४ मध्ये आला, साडेचोवीस मेगापिक्सेलचा. आला तेव्हा बॉडीच अडीच लाखांच्या घरात, लेन्स वेगळी. त्याचा सेन्सर ‘पार्शली स्टॅक्ड’, म्हणजे चित्र भराभर वाचून घेणारा. वेग वाढला, फोकस चपळ झाला. मोबदल्यात काय गेलं? कमी आयएसओवर गडद सावल्या उजळायला घेतल्या, की आधीच्या झेड सिक्स टूपेक्षा थोडे जास्त कण दिसतात. चाचण्यांत हे स्पष्ट दिसलं आणि जगभरचे निसर्गचित्रवाले नाराज झाले.

लग्नवाल्याने नाराज व्हावं का?

अजिबात नाही. मांडवात आयएसओ बहुतेक वेळा वरच असतो. तिथे हा फरक जवळपास विरून जातो. रात्रीच्या वरातीत तर तो कुणी भिंग लावूनही शोधू नये.

मार्कंड्याच्या काठावर मात्र तो पुढे येतो. काळवंडलेला दगड, मागे उजळ आकाश, मध्ये पाण्याची चकाकी. आकाश सांभाळलं तर देऊळ अंधारात जातं आणि ते मागाहून उजळावं लागतं. नेमकी तिथे सेन्सरची ही कमजोरी दिसते. उपाय? कॅमेरा स्थिर ठेवून तीन वेगवेगळ्या उजेडाच्या चौकटी घ्या आणि घरी जोडा. देऊळ कुठे पळून जात नाही.

नवरी मात्र थांबत नाही.

सगळा निवाडा इथेच आहे. निसर्गाच्या चित्रात जे चुकतं ते उद्या पहाटे सुधारता येतं. लग्नात चुकलेलं कुठे सुधारणार? म्हणून कॅमेरा लग्नासाठी निवडायचा आणि नदीवर तोच न्यायचा. उलट क्रमाने निवड करणाऱ्यांचे अल्बम पाहा. नदी सुंदर, नवरदेव धूसर.

आता तो क्षण. मंगलाष्टकं संपतात, ‘सावधान’ होतं, अंतरपाट खाली येतो. नवरा-नवरी एकमेकांकडे पाहतात ते जेमतेम सेकंदभर. त्याच सेकंदाला चारही बाजूंनी अक्षतांचा मारा. कॅमेऱ्याला वाटतं, समोर उडणारा तांदूळच महत्त्वाचा. फोकस दाण्यावर बसतो.

डोळा ओळखणारा फोकस आहे म्हणता? नवरदेवाला बाशिंग आहे, मुंडावळ्या डोळ्यांवरून लोंबतायत. यंत्राला डोळा सापडायच्या आत सनई सुरू होते.

चामोर्शी-मुलचेरा पट्ट्यातल्या बंगाली वस्त्यांत लग्न असेल तर परीक्षा आणखी कडक. मुहूर्त बहुधा रात्रीचा. नवरी विड्याच्या पानांआड चेहरा लपवते आणि पानं बाजूला होतात ती शुभदृष्टी. पानांआड डोळाच नाही, तर यंत्र शोधणार काय?

नव्या कॅमेऱ्यांत यावर एक खरोखर उपयोगी सोय आहे. बटण अर्धं दाबून धरायचं, यंत्र आतल्या आत चौकटी साठवत राहतं आणि पूर्ण दाबलं की आधीचे क्षणही हाती येतात. झेड सिक्स थ्रीमध्ये पूर्ण एक सेकंद आधीपर्यंतचे. अंतरपाटासाठी याहून चांगली सोय कोणती?

पण या कॅमेऱ्यात ती फक्त जेपेगमध्ये मिळते आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर. मांडवात वर एलईडीच्या माळा.

एलईडी सतत जळतोय असं डोळ्याला वाटतं. प्रत्यक्षात तो भराभर लुकलुकत असतो. इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतं. काही ओळी दिवा लागलेला असताना, काही विझलेला असताना. शालूवर आडवे पट्टे उमटतात आणि ते पुसायला रात्र जाते. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून साध्या दिव्यांत शटर पन्नासांश किंवा शंभरांश सेकंदावर ठेवलं की बहुतेक निभावतं. व्हिडिओही पंचवीस किंवा पन्नास चौकटींचा हवा. रंगीत एलईडीचा डिमर मात्र हा हिशेब मानत नाही. तिथे मेकॅनिकल शटरच कामाला येतं.

दुकानात हे कोण दाखवतं? दुकानात ट्यूबलाइट असते.

आणि डीजेवाल्याचा लेझर. वरातीत हिरव्या किरणांनी आकाश कापलं जातं आणि सगळे खूश. तोच किरण थेट लेन्समध्ये शिरला, तर सेन्सरवर कायमचा डाग किंवा रेघ. अडीच लाखांच्या यंत्राला हे एका झटक्यात होऊ शकतं, मग ते कोणत्याही कंपनीचं असो. लेझर सुरू झाला की कॅमेरा खाली, एवढा नियम पाळणारे फोटोवाले मोजकेच. डीजेचे पैसे देणाऱ्या यजमानाला हे आधी सांगणारे त्याहून मोजके.

कार्डाचं बोलू. २०१८ मध्ये निकॉनने झेड सिक्स आणि झेड सेव्हन आणले, कॅननने ईओएस आर आणला. तिन्हींत कार्डाचा खण एकच. लग्नवाल्यांनी जगभर ओरड केली. त्याच वर्षीच्या सोनीच्या ए सेव्हन थ्रीमध्ये दोन खण होते, आणि कित्येक लग्नवाले तिकडे वळले. २०२० मध्ये झेड सिक्स टू आला, कॅननचा आर सिक्स आला. दोन्हींत खण दोन.

ओरड उगाच नव्हती. कार्ड बिघडलं तर वैनगंगेवर पुन्हा जाता येतं, सप्तपदी पुन्हा घालता येत नाही. ‘चार वर्षांत माझं कार्ड कधी गेलं नाही’ असं सांगणारा भेटतोच. सीटबेल्ट न लावणाराही हेच सांगतो.

दोन खण घेतले आणि दुसरा रिकामा ठेवला. असंही करतात.

मेगापिक्सेल किती हवेत? याचं उत्तर अल्बम देतो. आपल्याकडचा करिझ्मा अल्बम बारा बाय छत्तीस इंचांचा, म्हणजे उघडलं की समोर तीन फूट. चोवीस मेगापिक्सेलची चौकट साधारण सहा हजार बाय चार हजार ठिपक्यांची. इंचाला तीनशे ठिपक्यांनी छापली तर वीस इंच रुंद. करिझ्माचं एक पान अठरा इंचांचं.

झालं की.

मग पंचेचाळीस कशाला? एका कच्च्या फाइलचे सुमारे पन्नास एमबी. लग्नात तीन हजार चौकटी म्हणजे दीडशे जीबी. हंगामात वीस लग्नं म्हणजे तीन टीबी, तेही एकच प्रत ठेवली तर. वर संगणक नवा, हार्ड डिस्क नव्या, निवडीला वेळ जास्त. आणि पाहुणे तो फोटो व्हॉट्सअॅपवर बघणार, जिथे तो दाबून चिमुकला होतो.

जास्त मेगापिक्सेलला माझा विरोध नाही. त्यांची जागा मार्कंड्यालाच आहे. देवळाच्या भिंतींवर मूर्तींच्या रांगाच्या रांगा आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७० च्या दशकात इथली नोंद करून ठेवली. जीर्णोद्धाराचं काम वर्षानुवर्षं रेंगाळत आलं आहे. अशा देवळाची एकेक मूर्ती, सकाळच्या तिरप्या उजेडात, दागिन्याच्या कडेपर्यंत स्पष्ट टिपून ठेवणं हे मोलाचं काम आहे. तिथे पंचेचाळीस मेगापिक्सेल वाया जात नाहीत. जिल्ह्यातल्या किती फोटोवाल्यांनी ते केलं?

प्री-वेडिंग मात्र केलं.

त्याबद्दलही. मार्कंड्याचं देऊळ संरक्षित स्मारक आहे. पुरातत्त्वाच्या १९५९ च्या नियमांनुसार कॅमेऱ्याचा स्टँड, स्टूल, खुर्ची असं साहित्य परवानगीशिवाय आवारात नेता येत नाही. हातातला कॅमेरा चालतो, तीन पायांचा अडतो. मग रंगीत धुराच्या नळकांड्या कोणत्या परवानगीत बसतात? समोर भाविक अभिषेकाच्या रांगेत आणि इकडे घेरदार गाऊन सावरत तिसरा टेक. जोडप्याला दोष देत नाही. जागा सुचवतो तो फोटोवाला.

स्टँड अडला तर काय? इथे नव्या कॅमेऱ्यांची एक बाजू खरंच भक्कम आहे. आतला सेन्सर तरंगता असतो, हाताची थरथर सावरतो. मंडपाच्या अंधारात पाव सेकंदाची चौकटही हातात धरून स्पष्ट येते. दगडाला हे वरदानच. पण जाहिरातीत आठ स्टॉपची स्थिरता वाचून काही जण हळदीतही शटर तितकंच सावकाश ठेवतात. फोटोवाल्याचा हात स्थिर राहतो, हळद लावणाऱ्या आत्याचा हात नाही. फोटोत मांडवाचा खांब एकदम स्पष्ट आणि आत्याबाईंच्या जागी पिवळा ढग.

हळदीवरून आठवलं. पिवळा चेहरा, पिवळी साडी, झेंडूच्या माळा आणि वरून जांभळा एलईडी. अशा उजेडात माणसाचा वर्ण माणसासारखा ठेवणं, ही कॅमेऱ्याच्या रंगांची खरी कसोटी. आपल्याकडचे सावळे, उन्हाने रापलेले चेहरे तसेच्या तसे सुंदर येतात का? की यंत्र त्यांना उगाच उजळ करून पिठूळ करतं? पिठूळ केलं आणि गिऱ्हाईक खूश झालं, तरी फोटोवाल्याने खूश होऊ नये.

परीक्षणं बघून यातलं काय कळतं? परीक्षण करणारा आइसलँडच्या धबधब्यावर उभा असतो. कानटोपी घालून. त्याला बॅटरी थंडीत किती टिकते याची काळजी. कॅननचा आर फाइव्ह जुलै २०२० मध्ये आला. आठ के व्हिडिओ घेताना तो वीस मिनिटांत तापतो, हे कंपनीनेच जाहीर केलं होतं, आणि तेही तेवीस अंशांच्या हवेत. तेवीस अंश आपल्याकडे कधी असतात? दिवाळीनंतरच्या रात्री. उन्हाळ्यातल्या मांडवात अंतरपाट, सप्तपदी आणि पाठवणी सलग चित्रित करायची तर यंत्र किती दम धरेल, हे आपलं आपणच बघायचं.

कसं बघायचं? विकत घेऊन नव्हे. नागपुरात कॅमेरा भाड्याने मिळतो. दोन दिवस आणा.

आणि नेमका कुठे वापरून पाहा, तेही सांगतो. झाडीपट्टीच्या नाटकात.

दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव निघतात. रात्रभर नाटक. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे रंगमंचावर लाल-निळे दिवे, मागे काळोख, नट क्षणात हसणारा नि क्षणात रडणारा, प्रेक्षकांत शालीत गुरफटलेल्या म्हाताऱ्या. फोकस अंधारात भरकटतो का, एलईडीचे पट्टे येतात का, लाल रंग फुटतो का, आयएसओ सहा हजारांवर सावळा चेहरा कसा दिसतो, सगळं एका रात्रीत कळतं. लग्नाची इतकी चोख तालीम दुसरीकडे कुठे मिळेल? मंडळीला आधी विचारा आणि चांगले फोटो त्यांना द्या. त्यांनाही हवे असतात.

पहाटे नाटक सुटलं की तसेच नदीवर जा. डिसेंबरात वैनगंगेवर धुकं असतं. तिथे फोकसचा वेग, चौकटींचा पाऊस, डोळा ओळखणं, काही म्हणजे काही लागत नाही. लागतात तीन गोष्टी. आयएसओ शंभर, स्थिर आधार आणि थांबण्याची तयारी. गेल्या दहा-बारा वर्षांतला जवळपास कुठलाही फुल फ्रेम कॅमेरा इथे पुरतो. निकॉनचा डी साडेसातशे २०१४ चा. आजही त्या धुक्याला तो कमी पडत नाही.

मग माणसं तो विकतात का? नव्यासाठी जुना मोडीत काढायचा ही सवय. जुन्याचे आता मिळतात किती? त्यापेक्षा तोच नदीसाठी ठेवा, आणि मांडवात जोडीला दुसरा म्हणून. एकाच बॉडीवर लग्न घेणाऱ्याला माझा साधा प्रश्न आहे: ऐन वेळी ती बंद पडली, तर काय सांगणार?

चामोर्शीत काही अधिकृत दुरुस्ती केंद्र नाही. कॅमेरा बाहेरगावी पाठवायचा, तो यायची वाट बघायची आणि मधल्या तारखा दुसऱ्याला द्यायच्या. म्हणून बिलाशिवाय स्वस्तात मिळणारा माल घेऊ नका. अठरा टक्के जीएसटी वाचला म्हणून मिरवणारा वॉरंटीच्या वेळी हात चोळत बसतो.

धुळीचाही विचार करा. आरशाशिवायच्या कॅमेऱ्यात लेन्स काढली की सेन्सर थेट उघड्यावर. सूरजागडचं लोहखनिज भरलेले ट्रक धावतात त्या रस्त्याकडेला मांडव असेल, तर लाल भुकटी आत गेलीच म्हणून समजा. कॅननच्या आर मालिकेतल्या काही कॅमेऱ्यांत यंत्र बंद केलं की शटर पडदा ओढून घेतं. जाहिरातीत ही सोय कुठेतरी तळाशी असते. आपल्या रस्त्यांवर ती वरच्या ओळीत हवी.

आणि लेन्स? अडीच लाख बॉडीत घालून तिच्यावर किटची लेन्स लावणारे बघितलेत ना? फ्लॅश तोच जुना, तोही थेट चेहऱ्यावर. मग नव्या सेन्सरने करायचं काय? चोवीस-सत्तर, दोन पूर्णांक आठची चांगली लेन्स मांडवात रोज पैसे कमावते आणि नदीवरही चालते. बॉडी तीन-चार वर्षांत जुनी होते, लेन्स तिच्यानंतरच्या बॉडीवरही चढते. पैसे मोजकेच असतील तर आधी लेन्स, मग दुसरं कार्ड, मग बॉडी. दुकानदार हा क्रम सांगणार नाही. त्याला नवी पेटी विकायची आहे.

तर झेड सिक्स थ्री घ्यावा का? लग्नं हा धंदा असेल, आजचा कॅमेरा एका खणाचा किंवा आरशाचा आणि दमलेला असेल, लेन्स आधीच चांगल्या असतील, तर घ्या. नदीवर तो तीन चौकटींच्या युक्तीने छान निभावतो. पोट नदीवर, मूर्तींच्या मोठ्या छपाईवर किंवा पुस्तकांवर असेल, तर पंचेचाळीस मेगापिक्सेलच्या झेड एटकडे पाहा. तो महाग आहे, जड आहे, पण सेन्सर पूर्ण स्टॅक्ड असल्याने एलईडीखालीही त्याला कमी त्रास होतो. आणि वर्षाला पाच-सहाच लग्नं होत असतील तर दोन्ही नकोत. हप्ता लग्नं मोजत नाही, महिना मोजतो.

घ्यायचाच ठरला तर तुळशीच्या लग्नाआधी घ्या. पहिली तारीख लागायच्या आत बटणं बोटांना न बघता सापडली पाहिजेत. आणि पहिल्या लग्नात जुना कॅमेराही गळ्यात असू द्या.